आधी तुम्ही सांगा

ग्लासाच्या काठावर अंगठ्याचा तेलकट ठसा होता, आणि मयुरेश मघापासून त्या ठशाकडेच बघत होता – कारण ग्लास नाकाशी नेला की पुन्हा तेच... जळकं रबर, त्यात तुंबलेल्या गटाराची घाण. कोरोना होऊन वर्षं उलटली, गेलेले वास परतले, पण सडून परतले. द्वारका चौकातला गाड्यांचा धूर आणि घरची फोडणी, दोन्हींना एकच वास. सकाळचा चहा तसाच, बायकोचे केसही... छी. तिच्याकडे पाठ करून झोपायची सवय लागली होती, आणि तिला वाटत होतं, याचं बाहेर काहीतरी चाललंय.

सांगणार कुणाला? वाइनरीतला मुख्य वाइनमेकर, त्यात विद्यापीठातला अतिथी प्राध्यापक – दारावर पाटी ‘उद्योगतज्ज्ञ’, विषय वाइनचा वास आणि चव. डोंबलाचा तज्ज्ञ! झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो वर्गात ग्लास फिरवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “आधी तुम्ही सांगा.” चारचौघांचं जुळलं की मान डोलवायचा. विभागप्रमुख उज्वलाबाई तर परवा म्हणाल्या, “सर, मुलांना आधी बोलू देणारा माणूस आम्हाला पहिल्यांदाच मिळाला.” तेव्हाही त्यानं नुसती मान डोलवली होती.

आज वर्गात उघडलेली बाटली त्याच्याच वाइनरीची, लवकरच बाजारात जाणारी. ही वाइन ज्या टाकीतली, ती टाकी त्यानंच सही करून पास केली होती – तिथंही असंच, हाताखालच्या लोकांना आधी बोलायला लावून.

“पेरू,” अमित म्हणाला. “पेरूच, सर,” मागून दोघंतिघं. सायखेड्याची तेजस्विनी मात्र अजून ग्लास हुंगतच होती. वास घेताना तिचा चेहरा क्षणभर आक्रसलेला त्यानं पाहिला होता – हल्ली तो चेहरेच तर वाचायचा – आणि ते आक्रसणं खोटं नव्हतं.

“सर, मला नेलपॉलिशसारखा वास येतोय,” ती चाचरत म्हणाली. “वाइन बिघडलीय का?”

नेलपॉलिश. वाइनचं व्हिनेगर व्हायला लागल्याची खूण. म्हणजे टाकीच बिघडलेली... म्हणजे त्याची सही, दारावरची पाटी, सगळंच गेलं. ‘बरोबर आहे तुझं’ – एवढंच म्हणायचं होतं, शब्द अगदी ओठांवर आले होते.

“आधी स्वतःची नखं बघ,” तो म्हणाला.

वर्ग हसला. तिनं खरंच नखं पाहिली. बिनरंगाची, बारीक कापलेली होती. मग तिनं ग्लास पुन्हा उचलला, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून हळूच एक नजर फिरवली आणि म्हणाली, “हो सर... आता येतोय. पेरूच.”

“शाब्बास,” त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की ते रबर, ते गटार त्यापुढे सोसण्यासारखं वाटायला लागलं. ती खाली मान घालून वहीत ‘पेरू’ लिहीत होती, आणि तो तिला थांबवत नव्हता.