क वर्गातलं घर

जगातल्या गैरसोयींना इयत्ता असते, हे लग्नाच्या बोलण्यात तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा परदेशात मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत आहे, एवढं ऐकूनच घरचे हुरळून गेले होते. पुढे कळलं की त्या संस्थेत नेमणुकीच्या प्रत्येक गावाला एक अक्षर मिळतं. अ म्हणजे सुखाचं गाव, मग ब, क, ड करत इ पर्यंत उतरत जायचं. पाणी कसं येतं, शाळा आहे का, रस्त्यावर फिरता येतं का, दवाखान्यात काय होतं आणि काय होत नाही, अशी लांबलचक प्रश्नावली गावातल्या ऑफिसने भरायची आणि मुख्यालयाने ती वाचून अक्षर ठरवायचं. अक्षर जितकं वाईट, तितका खडतर जागेचा भत्ता मोठा. त्यामुळे ऑफिसातली माणसं आपल्या गावाची निंदा अगदी जीव ओतून करत. एखाद्या महिन्यात नळाला पाणी नीट आलं, तर त्यांचे चेहरे उतरत.

यात मेख एकच होती. ड लागला की तिथे बायकामुलांना राहता येत नसे.

नवऱ्याच्या आधीच्या दोन्ही नेमणुका अशाच गावांत झाल्या. तो तिकडे, ती इकडे, आणि मधे फोन. पहिल्या मोठ्या सुट्टीवर तो आला तेव्हा दार त्यांच्या लेकीने, छोटीने उघडलं, त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ‘आई घरात नाही’ असं सांगून दार लावून घेतलं. आई मागेच उभी होती. नातेवाईक ही गोष्ट अजून हसत हसत सांगतात. तिला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, आणि त्यालाही नाही. म्हणून या वेळी क वर्गाचं गाव मिळालं तेव्हा तिने कुणाचा सल्ला न घेता सामान बांधलं.

इथलं घर म्हणजे दोन खोल्या, एक अंगण आणि मागे साखळीने बांधलेला जनरेटर. वीज यायची तेव्हा यायची, बाकी वेळ जनरेटर. चादरी कापून तिने पडदे शिवले होते. फ्रिजचं दार नीट लागत नसे, त्याला तिने पट्टा बांधला होता. संध्याकाळी नवरा अंगणात बसून छोटीचा अभ्यास घ्यायचा, गणितं चुकवायचा आणि पोरीची बोलणी खायचा. एवढंच सुख होतं, आणि ते तिने हट्टाने मिळवलं होतं.

गेल्या वर्षी ते हातचं जायची वेळ आली. ऑफिसातल्या बहुतेकांना ड हवा होता. त्यांचा म्होरक्या म्हणजे ऑफिसचा अकाउंटंट, एकटा जीव, साठीला टेकलेला. छोटी त्याला मामा म्हणायची म्हणून सगळं ऑफिसच मामा म्हणायला लागलं होतं. दर रविवारी तो यांच्याकडे जेवायला असायचा. पण मीटिंगमध्ये त्याने नातं मधे आणलं नाही. या गावच्या दवाखान्यात साधं ऑपरेशन होत नाही, तिथला जनरेटर केव्हाच बंद पडलाय, हे आहे तसं लिहा, असं तो म्हणाला. खरंच होतं ते. प्रश्नावली भरायचं काम तिच्या नवऱ्याकडे होतं. त्याने गुळमुळीत काहीतरी लिहिलं, आणि मुख्यालयाने खातरजमा करायला तपासनीस धाडला.

तपासनीस यायच्या दिवशी नवरा त्याला आणायला धावपट्टीवर गेला होता. तिने ऑफिसच्या ड्रायव्हरला हाताशी धरलं, घरामागची साखळी सोडली आणि जनरेटर गाडीत घालून दवाखान्यात नेला. तिथल्या म्हाताऱ्या सर्जनना वाटलं, संस्थेने मदत दिली. ते इतके हरखले की ती खरं सांगायचं विसरली. म्हणजे विसरली असं ती स्वतःला सांगत आली. दुपारी तपासनिसाने ऑपरेशनच्या टेबलावरचा मोठा दिवा झगझगीत लागलेला पाहिला आणि मान डोलावली. मग तो यांच्याच घरी जेवला, पोट भरून जेवला. गार पाणी तेवढं त्याला मिळालं नाही. संध्याकाळी जनरेटर परत साखळीला बांधला गेला. गाव क मध्येच राहिलं, आणि नवऱ्याला तिने यातलं अवाक्षरही सांगितलं नाही.

आणि आता मामाचं पोट दुखत होतं.

आदल्या दिवशी पित्त म्हणून त्याने दुखणं अंगावर काढलं. आज सकाळी ऑफिसात येऊन तो खुर्चीतच वाकडा झाला. डबा घेऊन ती ऑफिसात पोचली तेव्हा त्याला आतल्या खोलीत बाकावर निजवलं होतं. अंगात ताप होता, पोट दगडासारखं कडक झालं होतं. ऑफिसच्या नर्सने अपेंडिक्सचं नाव घेतलं होतं. नवरा मुख्यालयातल्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलत होता. बाईंचा आवाज दारापर्यंत येत होता. ऑपरेशन आजच व्हायला हवं, यात त्यांना शंका नव्हती. पेशंटला बाहेर न्यायला विमान कशाला हवं, हे मात्र त्यांना कळत नव्हतं. त्यांच्यासमोर तपासणीचा अहवाल होता, आणि त्यात गावच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया होते असं स्वच्छ लिहिलं होतं. ते बरोबर आहे ना, असं त्यांनी विचारलं.

नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग तो म्हणाला, "हो. इथे होतं ऑपरेशन."

हा बिचारा खरं समजून बोलतोय, असं तिच्या मनात आलं. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं असतं तर विमान आलं असतं, आणि विमानापाठोपाठ ड. छोटीची शाळा, अंगणातली गणितं, सगळं संपलं असतं. नवऱ्याच्या नोकरीवर डाग लागला असता तो वेगळाच. तिने डबा टेबलावर ठेवला आणि ती बाहेर पडली. दिवाच हवा होता ना? मग तो पुन्हा लावता येत होता. माणूसही वाचेल आणि घरही, असा हिशेब तिने पायऱ्या उतरता उतरता जुळवला.

तिने पुन्हा ड्रायव्हरला हाताशी धरलं. दोघांनी मिळून जनरेटर गाडीत चढवला. वाटेत बाजाराच्या तोंडाशी गाडी अडकली तेव्हा तिचा जीव नुसता वरखाली होत होता. उन्हं कलायला लागली होती. इथल्या धावपट्टीवर दिवे नाहीत, अंधार पडला की विमान उतरत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने तो विचार मनातून झटकून टाकला. विमान लागणारच नव्हतं.

सर्जन व्हरांड्यात चष्मा पुसत बसले होते. गाडीतला जनरेटर पाहून त्यांचा चेहरा उजळला. तिने घाईघाईने सांगितलं, पेशंट येतोय, अपेंडिक्स आहे, दिव्याची सोय केली आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

"बाई, दिव्याचं ठीक आहे," ते म्हणाले. "भूल कोण देणार? आमचे भूल देणारे डॉक्टर सोडून गेले, त्यालाही दोन वर्षं होतील. मी फार तर जखमा शिवतो, गळवं फोडतो. पोट उघडत नाही."

तपासनीस आला होता तेव्हा तुम्ही हे सांगितलं का नाहीत, असं ती जवळजवळ ओरडली. त्यांना राग आला नाही. कुणी विचारलंच नाही, ते म्हणाले. तो माणूस दिवा बघून गेला.

तेवढ्यात ऑफिसची दुसरी गाडी फाटकातून आत आली. मामाला स्ट्रेचरवर घेतलं होतं, तोंड पांढरं पडलं होतं. तिला पाहून अशा अवस्थेतही तो म्हणाला, "ताई, या रविवारी माझ्या वाटचं करू नका." मग कळ आली आणि त्याने स्ट्रेचरची कड घट्ट धरली. नवरा गाडीतून उतरला. त्याची नजर आधी जनरेटरवर गेली, मग तिच्यावर.

आता गप्प बसायला जागाच उरली नव्हती. तरीही ती क्षणभर मनात हिशेबच करत राहिली. ही शरमेची गोष्ट आहे, पण खरी आहे. मामा समोर कण्हत होता आणि तिच्या डोळ्यांपुढे छोटीने लावून घेतलेलं ते दार येत होतं. मग तिने नवऱ्याला मुख्यालयाचा नंबर लावायला सांगितला आणि त्याच्या हातातून फोन घेतला.

डॉक्टरीणबाईंना तिने भराभरा सांगितलं, की इथे भूल द्यायला माणूस नाही, वीज नाही, ऑपरेशन होत नाही, विमान पाठवा. बाई चक्रावल्या. अहवालात तर वेगळंच आहे, आमच्या माणसाने स्वतः दिवा पाहिलाय, त्या म्हणाल्या. आणि तुम्ही कोण?

"मी इथल्या अधिकाऱ्याची बायको," ती म्हणाली. "तो दिवा मीच लावला होता. घरचा जनरेटर आणून. माझ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नाही. वाटेल ते करा, पण विमान उजेड असेतो पाठवा."

विमान आलं. सूर्य टेकला तरी येईना म्हणून सगळे धावपट्टीच्या कडेला जीव मुठीत धरून उभे होते. मामाचं कण्हणं थांबलं होतं आणि ते कण्हण्याहून जास्त भीतीदायक होतं. नर्स सारखी त्याच्या मनगटाला हात लावत होती. नवऱ्याने दोन्ही गाड्या समोरासमोर उभ्या करून त्यांचे दिवे लावले. शेवटी आवाज आला, विमान टेकलं, मामाला आत चढवलं, आणि ते तसंच परत उडालं.

परत येताना गाडीत दोघंच होती. मागे जनरेटर खडखडत होता. ती बोलणी खायच्या तयारीने बसली होती. बराच वेळ तो रागावला नाही, तेव्हा तिनेच विचारलं, की तुम्हाला आश्चर्य कसं वाटलं नाही.

"त्या दिवशी पाहुण्याला गार पाणी नव्हतं," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "आपल्या घरात असं कधी झालंय? मी मागे जाऊन पाहिलं. साखळी मोकळी होती."

तिला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. याला माहीत होतं. सगळं माहीत असून तो खिडकीबाहेर बघून हो म्हणाला होता.

"अहो, मामांच्या जागी छोटी असती तर?"

"तर लगेच विमान मागवलं असतं," तो म्हणाला.

तो खरं बोलला होता. तिला त्याचा संताप आला आणि त्याच क्षणी स्वतःचीही लाज वाटली, कारण छोटी असती तर तीही जनरेटर आणायला धावली नसती. त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं होऊ लागलं.

यथावकाश ड लागला. नवऱ्याला लेखी ताकीद मिळाली. ऑफिसात भत्ता वाढला म्हणून लोक खूश होते, पण तिच्यासमोर तोंडं पाडून वावरत. तिची आणि छोटीची तिकिटं आली. निघायच्या आधीच्या रविवारी मामा जेवायला आला. अंगाने निम्मा झाला होता, पोटावर हात ठेवून चालत होता. मुख्यालयाने फोनवर काय विचारलं आणि नवरा काय म्हणाला, हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिला घास हातात घेऊन तो तसाच थांबला.

"ताई, माझ्या पोटापायी तुमचं घर मोडलं," तो म्हणाला. "मी मेलो असतो तर निदान तुम्ही तिघं एकत्र राहिला असता."

तिच्या हातात भाताचं भांडं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. सांगायचं असेल तर ते त्यानेच सांगायला हवं होतं. तिचं तिने फोनवर सांगून टाकलं होतं. तो मान खाली घालून ताटात बोट फिरवत राहिला. मामाची असं मनाला लावून घेऊ नका म्हणून तिनेच कशीबशी समजूत काढली, वाढलं, छोटीने त्याला वही दाखवली. जेवण झालं. मामाने छोटीच्या डोक्यावर हात ठेवला, पुन्हा एकदा माफी मागितली आणि तो फाटकाकडे निघाला.

नवरा उठला आणि खरकट्या हाताने, अनवाणी त्याच्यामागे धावला.

ती खिडकीशी उभी राहिली. बोलणं ऐकू येत नव्हतं. नवरा बोलत होता, मामा ऐकत होता. मामाचा हात पोटावरच्या टाक्यांवर होता. नवऱ्याचं सांगून झाल्यावर मामा वळला आणि सावकाश रस्त्याला लागला.

नवरा आत येऊन ताटासमोर बसला. मामा काय म्हणाले, असं तिने विचारलं.

"काहीच म्हणाले नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही दोघी गेल्यावर रविवारी मी एकटाच जेवेन."

त्याचा भात तसाच राहिला होता. तिने तो काढून गरम भात वाढला, आणि कितीतरी दिवसांनी ती त्याच्यासमोर बसली. त्याचं जेवण होईपर्यंत ती उठली नाही.