पुट्टीतून उतरायचं जॅकेट

विकी बुडाला त्याला नऊ दिवस झाले होते. शहराबाहेरच्या जलाशयावर तो मित्रांबरोबर गेला होता. मच्छीमाराच्या पुट्टीत, त्या टोपलीसारख्या गोल होडीत, चौघं बसले. मधोमध गेल्यावर ती एका अंगानं कलली आणि तिघंच पोहत काठाला आले. सरकारी पथकानं आठवडाभर गळ टाकले आणि शोध थांबवला. पाण्याखाली बुडालेल्या जुन्या गावाच्या चिंचा-बाभळी होत्या. त्यांच्यातच अडकला असणार, असं सगळे म्हणत होते.

त्याची आई जयवंता हैदराबादच्या जामबागमधल्या शाळेत शिपाई होती. त्याच शाळेत शिकलेला संदेश पाच वर्षं मालवणला पर्यटकांना समुद्राखाली नेत असे. आता तो हैदराबादेत पोहणं शिकवायचा. जयवंता त्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाळा, तू पाण्याखाली जातोस ना?"

"मावशी, नऊ दिवस झाले. आता..."

"मला ठाऊक आहे. जिवंत नको म्हणते मी. नुसता आण."

संदेशला नाही म्हणवलं नाही.

हवेचे सिलिंडर ओळखीच्या माणसानं दिले. राहिलं जॅकेट, हवा भरली की माणसाला पाण्यावर धरणारं. त्यासाठी दोघं आबिड्सच्या एका माडीवरच्या दुकानात गेले. दुकानदारानं दोन काढून ठेवली आणि त्यातलं एक पुढं केलं.

"ये लेव भाई, नया माल. हवा पूरी पीठ में. पानी के अंदर मक्खन है."

संदेशनं ते हातात घेऊन खाली ठेवलं.

"का रे, चांगलं नाही?" जयवंतानं विचारलं.

"खाली चांगलं, मावशी. पण वर आल्यावर पाठीतली हवा पुढं ढकलते, तोंड पाण्यात जातं. मोठ्या होडीला शिडी असते, माणूस लगेच चढतो. पुट्टीला धरून चढायला गेलो तर तीच उलटायची. मला पाण्यातच, खाली जायला बांधलेली शिशाची वजनं काढून वर द्यावी लागतील, मग जॅकेट उतरवायचं, मग अंग वर ओढायचं. तोवर जॅकेटनं मला उताणं धरायला हवं."

त्यानं दुसरं उचललं. ते जुनं होतं, रंग उडालेलं, पण त्यात कडेनंही हवा भरायची आणि वजनाचे खिसे एका हिसक्यात सुटायचे. लोंबणारे पट्टे त्यानं आत खोचून पाहिले. फांद्यांत काही अडकायला नको होतं.

जयवंतानं जॅकेटवरून हात फिरवला. "दोघांचं वजन पेलेल का?"

संदेशनं खोचलेले पट्टे बाहेर काढले. मग म्हणाला, "दुसऱ्याला यानं आणत नाहीत, मावशी. दोरी बांधून वर घेतात."

"बरं," ती म्हणाली. "पण मोठंच घे."

ते त्याच्या मापापेक्षा एक नंबर मोठं होतं. तरी त्यानं तेच घेतलं.

पुट्टीत वल्हं मारायला मच्छीमार आणि संदेशला बांधलेली दोरी धरायला विकीचे वडील अप्पाराव बसले. अप्पाराव बेगम बाजारात मिरचीच्या गोदामावर कामाला होते. विकी गेल्यापासून ते कुणाशीच बोलत नव्हते. संदेशनं त्यांना खुणा शिकवल्या. दोन हिसके म्हणजे ठीक, सारखे हिसके म्हणजे ओढा. ते लहान मुलासारखे पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "दोन म्हणजे ठीक ना?"

पहिल्या दिवशी संदेशला पाण्याखाली स्वतःचा हातही दिसला नाही. तीस फूट खाली तो चाचपडत फिरला. चिखल, फांद्या, एका घराचं जोतं. दुसऱ्या दिवशी एक चप्पल सापडली. जयवंतानं ती उलटसुलट करून पाहिली.

"याची नाही," ती म्हणाली आणि काठावर नीट ठेवून दिली.

तिसऱ्या दिवशी सिलिंडरचं तोंड फांदीत अडकलं. सैल जॅकेट अंगावर फिरलं आणि तो आणखीच गुंतला. संदेशनं दोरीला सारखे हिसके दिले. वरून अप्पाराव जीव खाऊन ओढू लागले, तसा तो जास्तच आवळला गेला. शेवटी एका बाजूचा पट्टा सोडून, अंग पिळून तो सुटला. वजनं टाकली, हवा भरली. वर आला तेव्हा जॅकेटनं त्याला उताणा धरला होता. नाकातून रक्त येत होतं.

अप्पारावांनी त्याची मनगटं पकडली आणि सोडेचनात. मच्छीमार तेलुगूत ओरडत होता, पुट्टी कलतेय म्हणून.

काठावर आल्यावर जयवंता म्हणाली, "उद्या त्या जोत्यापलीकडं बघशील?"

"बघतो, मावशी."

"नाही." अप्पाराव बोलले. "बस झालं. माझ्या हातानं ओढून मी दुसऱ्याचं पोरगं मारत होतो."

"तुम्ही बाप आहात का कोण?" जयवंता किंचाळली. "तो तिथं एकटा आहे!"

अप्पाराव चिखलात बसले आणि रडू लागले. संदेश ओल्या अंगानं उभा होता. 'उद्या येतो' हे शब्द त्याच्या ओठांवर होते, पण खाली पुन्हा उतरायच्या नुसत्या विचारानं तो पाण्यापासून दोन पावलं मागं सरकला. जयवंतानं ते पाहिलं. मग ती वळली आणि एकटीच रस्त्याकडं चालू लागली.

पुढच्या आठवड्यात, देह मिळाला नाही म्हणून विकीच्या जागी जाळायला, क्रियाकर्माच्या गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला. डोकं म्हणून नारळ ठेवला. संदेश मागं उभा होता. जयवंतानं विकीचा निळा शर्ट आणला होता. पुतळ्याला तो फार मोठा झाला. ती बाह्या दुमडत राहिली, एकदा, दोनदा, आणि गुरुजी म्हणाले, "बाई, आता राहू द्या." अप्पारावांनी अग्नी दिला. पानं ओली होती. बराच वेळ नुसता धूर होत राहिला.