मेहुणीचा दीर

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो एका घराच्या दाराला नवं कुलूप बसवत होता. थोडेच स्क्रू राहिले होते. ते पिळून मगच तो निघाला. हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

मेहुणी आली ती आपल्या दिराला घेऊनच. "भावोजी, मी गेले की घर खायला उठेल तुम्हाला. हे राहतील सोबतीला."

मेहुणी गेली. दीर राहिला.

माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत. दिवसभर टीव्ही, तोंडाची टकळी, आणि बसायला नेमकी तिची खुर्ची. कुलूपवाल्याला स्वतःच्या घरात मोकळेपणी रडताही येईना. डोळे भरले की पाहुणा विचारायचा, "दादा, चहा टाकू?"

आडून आडून बोलून पाहिलं. "घरी वाट बघत असतील तुमची."

"छे हो, मला कोण विचारतंय!"

शेवटी एका सकाळी पाहुणा फिरायला बाहेर पडला, तसं कुलूपवाल्याने दाराचं कुलूप बदललं आणि तडक ओळखीच्या वकीलबाईंकडे गेला.

"घर तुमच्या नावावर आहे ना, काका? मग त्याला कोणीही आणलेलं असो, राहू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. भाडं नाही, करार नाही, म्हणजे तो नुसता पाहुणा. आधी स्पष्ट सांगा, अमुक तारखेपर्यंत जा. नाही ऐकलं तर मी नोटीस पाठवते. त्यापुढे पोलीस, कोर्ट आहेच."

"सांगितलंय की."

"काय सांगितलंत?"

"म्हणजे... सुचवलं."

बाई हसल्या. "सुचवलेलं कोर्टात चालत नाही, काका. आणि हो, परस्पर त्याचं सामान बाहेर काढू नका, कुलूप बदलू नका. नाहीतर तोच तुमच्यावर तक्रार करेल."

त्याचे कान गरम झाले. खिशातली नवी किल्ली मुठीत धरून तो उठलाच.

घरी आला तर पाहुणा जिन्यात बसला होता, घामाघूम. शेजारीण त्याला पाणी देत होती.

"बघा वहिनी, मी म्हटलं नव्हतं? जगाची दारं दुरुस्त करणार, आणि कुलूप बिघडणार ते यांच्याच घरचं!"

शेजारीण हसत आत गेली. त्याने मान खाली घालून दार उघडलं. पाहुणा त्या चकचकीत किल्लीकडे बघतच राहिला.

"मला सांगायचं होतंत, दादा," तो हळूच म्हणाला.

सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण कुलूपवाल्याच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"जुनं झालं होतं हो कुलूप. ही घ्या, तुमच्यासाठी दुसरी किल्ली."

पाहुण्याने किल्ली घेतली आणि चहा टाकायला आत गेला.

त्याला जायला सांगायचं अजून राहिलंय. बायकोसाठी रडायचंही.