तोंडातले खिळे

"आजी, आज दुखतंय का?"

नात दारात उभी होती. एक पाय आत, एक पाय बाहेर. वय वर्षं सहा, नाव घरात कुणी घेत नसे, सगळे खारूताईच म्हणत. ही खारूताई आधी शनिवारी सकाळी दारातून आत यायची ती थेट कापसाच्या ढिगावर. आता विचारून यायची. तीन महिने झाले, विचारल्याशिवाय पाऊल टाकत नव्हती.

"नाही," आजी म्हणाली. तोंडात खिळे होते, त्यामुळे तो 'नाही' नाकातूनच बाहेर पडला.

पोरीने आजीच्या तोंडाकडे पाहिलं, मग खांद्यांकडे, आणि भिंतीला घासत घासत आजोबांच्या शिलाई मशीनपाशी जाऊन बसली. आजीपासून सगळ्यात लांबचा कोपरा तोच होता. पोरं मूर्ख नसतात. मोठ्यांना तसं वाटलेलं सोयीचं असतं, एवढंच.

आजीला गल्लीत हातोडीबाई म्हणत, अर्थात तिच्या माघारी. सोफे आणि खुर्च्या मढवायचा धंदा. सांगाडा, पट्टे, स्प्रिंगा, भरण हे सगळं ती करायची आणि वरची खोळ नवरा शिवायचा. पस्तीस वर्षं दोघं एकाच खोलीत काम करत होती, आणि अजून एकमेकांचं डोकं फोडलं नव्हतं. या कामात दोन्ही हात अडकलेले असतात. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्यात हातोडी. मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. जिभेने एकेक खिळा ओठांशी आणायचा, हातोडीच्या चुंबकाने उचलायचा, ठोकायचा. वर आणखी एक सोय म्हणजे तोंडात खिळे असलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

सात वर्षांपूर्वी पाठ दुखायला लागली, तेव्हा ही सोय तिला फारच मानवली. कळ आली की मूठभर खिळे तोंडात. गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, बरं नाही का?" ती मान हलवायची. मुलगी फोनवर विचारायची, तर नवराच सांगायचा, "कामात आहे." असं करता करता पाठ रोजचीच झाली. सकाळी उठताना, वाकताना, शिंकताना, हसतानासुद्धा. लोक सांगायचे, सहन करायला शीक. हे सांगणाऱ्यांना एकदा तिची पाठ आठवडाभर वापरायला द्यायला हवी होती.

आणि मग तीन महिन्यांपूर्वीचा तो शनिवार. ती उलट्या सोफ्यावर वाकली होती, कळ पार मांडीपर्यंत उतरलेली, आणि खारूताईने मागून पाठीवर उडी घेतली. आजीने हात मागे भिरकावला. पोरगी स्प्रिंगांच्या ढिगात जाऊन पडली. एवढ्यावर भागलं नाही. "मर तिकडे! परत तोंड दाखवू नकोस!" हेही आजीच ओरडली.

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. उठून, फ्रॉक झटकून, दारातल्या आईचा हात धरून उभी राहिली.

"मी तिला आणत राहीन आई," पुढच्या शनिवारी मुलगी म्हणाली, "पण आधी विचारायचं, असं तिला शिकवलंय. तू मात्र खरं सांग."

खरंच तर सांगता येत नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरने फोटो उजेडात धरला. "मणके झिजलेत. कापाकापी करून उपयोग नाही. गोळ्या आहेत, व्यायाम आहे. बाकी, याच्यासोबत जगायला शिकावं लागेल."

"शिकवतं कोण?" हातोडीबाईने विचारलं.

डॉक्टरने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. बहुतेक हे वाक्य तो दिवसातून वीसदा टाकत असावा आणि आजवर कुणी उलटून विचारलं नसावं. त्याने चिठ्ठीवर तीन नावं लिहिली. "थेरपिस्ट आहेत. बोलायचं असतं."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "अगं, दुखतंय पाठीत आणि डॉक्टर डोक्याचा?"

"तुमचं डोकं ठिकाणावर असतं तर मला ही वेळ आली नसती. आणि ते मशीन जरा पळवा! सात वर्षं बघतेय, कासवसुद्धा तुमच्या पुढे खोळ शिवून मोकळं होईल."

"शिलाई सरळ यायला हवी ना," नवरा म्हणाला आणि तसाच हळूहळू पाय मारत राहिला.

तरी प्रत्येक वेळी तो सोबत गेला. एका बगलेत तिची उशी, दुसऱ्या बगलेत हाताने शिवायचं काम. ती आत जायची, हा बाहेरच्या बाकावर टाके घालत बसायचा.

पहिल्या थेरपिस्टबाईंच्या खोलीत उदबत्तीचा वास आणि जमिनीला टेकलेला गुबगुबीत सोफा. हातोडीबाईने एका नजरेत ओळखलं, आत नुसता फोम, तोही हलका. बसली ती रुतलीच. "वेदनेला मैत्रीण माना," त्या गोड आवाजात म्हणाल्या.

"अशी मैत्रीण असती तर केव्हाच हाकलून दिली असती."

तासाभराने उठता येईना. शेवटी नवऱ्याला आत बोलवावं लागलं. दोघांनी मिळून तिला सोफ्यातून उपसलं. जिन्यावर नवरा हसायला लागला. "हसू नका," ती म्हणाली, "हसले की दुखतं." आणि मग दोघंही कठडा धरून हसली, ती कण्हत कण्हत.

दुसरा तरुण होता, टापटीप. त्याच्यासमोर छापील कागद. "एक ते दहामध्ये किती दुखतं?" तिने सांगितलं, आठ. त्याने लिहिलं. "बऱ्याचदा दुखणं मनात असतं."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं नाही..."

"तुमच्या खुर्चीचा डावा पाय आखूड आहे. मघापासून मी एका बाजूला कलून बसलेय. तेही माझ्या मनातच असेल!" ती उठली. उठताना आठाचे नऊ झाले.

"राहू दे," त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली. "हे सगळे बसून खाणारे. यांना बसायचं कशावर तेसुद्धा कळत नाही."

नवऱ्याने सुईत दोरा ओवला. "तिसरं नाव राहिलंय."

"कशाला?"

"खारूताई माझ्या पायाशी बसते. मला आवडतं. पण ती माझ्याकडे येत नाही गं, तुझ्यापासून लांब बसते." एवढं बोलून त्याने दोरा दाताने तोडला.

तिसरी बाई छापखान्याच्या वरच्या मजल्यावर बसायची. पन्नाशीची, चष्मा कपाळावर. म्हणाली, "बसा, उभ्या राहा, आडव्या व्हा. तुमच्या पाठीला मान्य असेल ते करा."

हे बरं होतं. हातोडीबाई उभी राहिली.

"केव्हापासून दुखतंय?"

"सात वर्षं."

"घरच्यांना काय सांगता?"

थेरपिस्टबाई खुर्चीत जरा सरकली, आणि खुर्ची कर्रकन वाजली. पुन्हा सरकली, पुन्हा कर्र.

"पट्टा सुटलाय खालचा," हातोडीबाई म्हणाली. "उठा."

"असू दे हो."

"उठा म्हणते ना!"

बाई उठली. हातोडीबाईने पिशवीतून हातोडी काढली. ती हातोडीशिवाय कुठं जायची नाही, जशी काही माणसं किल्ल्यांशिवाय जात नाहीत. खुर्ची टेबलावर उलटी केली, खिळ्यांची पुडी फोडली आणि मूठभर खिळे तोंडात टाकले. ठक. ठक. आता कुणी काही विचारणार नव्हतं.

थेरपिस्ट शेजारी उभी राहून बघत राहिली. जरा वेळाने म्हणाली, "किती मावतात तोंडात?"

हातोडीबाईने बोटांनी दाखवलं, वीस-बावीस.

"ठीक आहे. संपेपर्यंत थांबते मी."

पट्टा सहा खिळ्यांतच पक्का झाला. तरी हातोडीबाई ठोकत राहिली. सातवा, आठवा, जिथं गरज नव्हती तिथंही. दुसऱ्या बाजूचा धडधाकट पट्टासुद्धा तिने पुन्हा ठोकला. बाईने घड्याळाकडे बघितलं नाही, वही उघडली नाही. खालून छापयंत्राची धडधड येत होती. एकविसावा खिळा ठोकल्यावर जीभ तोंडभर फिरली आणि तिला काहीच सापडलं नाही. रिकामं तोंड. पस्तीस वर्षांत हातात हातोडी असताना असं रिकामं तोंड घेऊन ती कुणासमोर उभी राहिली नव्हती.

"नातीला ढकललं मी," ती म्हणाली. "मर म्हणाले तिला."

मग जे सुटलं ते सुटलं. स्प्रिंगांचा ढीग, झटकलेला फ्रॉक, दारातला तो प्रश्न. रडताना पाठ आणखी दुखली, म्हणून तिने पाठीला शिव्या दिल्या. थेरपिस्टने त्या सगळ्या ऐकून घेतल्या, दोन-तीन तर तिला नव्याच असाव्यात.

"मी पाठ बरी करू शकत नाही," शेवटी ती स्पष्ट म्हणाली. "कुणी करतो म्हणाला तर दारातूनच परत फिरा. पण नात विचारते आणि तुम्ही नाही म्हणता. तिला दिसतं वेगळं, ऐकू येतं वेगळं. पोरीने कशावर विश्वास ठेवायचा?"

"खरं सांगितलं तर घाबरेल."

"आता घाबरत नाहीये?"

हातोडीबाईने उलटी खुर्ची सुलटी केली. "बसा. आता वाजणार नाही."

"पुढच्या बुधवारी याल?"

"पट्टा कसा बसलाय ते बघायला यावंच लागेल," ती म्हणाली. जिन्यात नवऱ्याने विचारलं, कशी आहे बाई? "बरी आहे. थांबता येतं तिला."

ती बुधवारी गेली, त्याच्या पुढच्याही. तिथं ती श्वास कसा घ्यायचा ते शिकली, वाकायचं काम वाटून कसं घ्यायचं ते शिकली, आणि एक अवघड गोष्ट शिकायची राहिली होती. त्यासाठी घरी कामाच्या मेजावर एक वाटी ठेवली. कळ आली की खिळे वाटीत काढायचे आणि सांगायचं. पहिल्या दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं, "दुखतंय." तो म्हणाला, "चहा टाकू?" ती खेकसली, "चहाने मणका भरतो का?" तरी त्याने टाकला, आणि तिने प्यायला.

शनिवार आला.

"आजी, आज दुखतंय का?"

एक पाय आत, एक पाय बाहेर. आजीच्या तोंडात खिळे होते, कोपऱ्यात आजोबांचं मशीन चालू होतं. 'नाही' नाकापर्यंत आलाही होता. तिने हातोडी खाली ठेवली आणि खिळे एकेक करून वाटीत टाकले. पोरगी तो आवाज ऐकत राहिली.

"हो," आजी म्हणाली. "दुखतंय."

खारूताईचा आतला पाय जरा मागे गेला. मग तिने विचारलं, "कुठे?"

सात वर्षांत डॉक्टर सोडून हे कुणी विचारलं नव्हतं. आजीने वळून कमरेवर हात ठेवला. "इथे. मग इथून खाली."

"मी जाऊ का मग?"

"नको. उडी मारू नकोस, पण ये."

पोरगी आली. हळू, एकेक पाऊल. आजीसमोर उभी राहून तिने कोपर पुढे केलं. "मी पडले ना, तेव्हा मला इथे दुखलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

आजीने ते एवढंसं कोपर दोन्ही हातांत धरलं. "माझं चुकलं गं. ते घाणेरडं बोलले मी. दुखणं माझं होतं, तू काही केलं नव्हतंस."

"तू खूप जोरात ओरडलीस."

"हो."

पोरीने थोडा विचार केला. मग ती वळली आणि कमरेवर हात ठेवून हुबेहूब आजीच्या आवाजात ओरडली, "आजोबा, मशीन हळू चालवा! फळ्या हलतात, आजीला दुखतं!"

मशीन थांबलं. खोलीच्या लाकडी जमिनीचं बारीक थरथरणंही थांबलं. हातोडीबाईने पायाखालच्या फळ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो सुईच्या नाकात डोळे घालून बसला होता.

"हळूच तर चालवतोय," तो म्हणाला. "सात वर्षं."