पुस्तकाच्या जागी मी

मी ठोकळा बोलतोय. दचकू नका. लाकडाने बोलू नये असा नियम कुठे लिहिलेला नाही, आणि नियमांची माझी चांगली ओळख आहे. माझा जन्मच एका नियमामुळे झाला.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. धुळ्याच्या एका कॉलेजात तोताराम नाना ग्रंथपाल होते. ते पुण्याहून ग्रंथपालाचं शिक्षण घेऊन आले आणि येताना एक नियम घेऊन आले. कपाटातलं पुस्तक बाहेर गेलं, की त्याच्या जागी तेवढ्याच आकाराचा लाकडी ठोकळा उभा करायचा. शेजारची पुस्तकं कलंडत नाहीत आणि गेलेल्याची जागा राखली जाते. नानांनी लगेच अय्युब मिस्त्रींना बोलावलं.

वाचनालयाच्या टेबलांतून उरलेला सागाचा तुकडा मिस्त्रींनी घेतला, रंधा मारला, पाठीला गोलाई दिली. मला हातात फिरवून ते म्हणाले, "नाना, किताब बोले तो पन्ने चाहिए. ये तो खाली पीठ है."

"पन्नानं काम नही, अय्युबभाई," नाना म्हणाले. "जागा भराले पाहिजे, बस."

मी नमुना होतो. मागून आणखी भावंडं येणार होती, पण आमच्या लोकांत नमुना पास झाला की काम झालं असंच धरतात. त्यामुळे मी एकटाच राहिलो.

त्याच आठवड्यात प्रिन्सिपॉलसाहेबांनी वनस्पतिशास्त्राचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ घरी नेला. जिल्ह्यात तेवढी एकच प्रत होती. नानांनी मला लाल कापडाचं आवरण शिवलं, पाठीवर ग्रंथाचं नाव लिहिलं आणि जागेवर उभं केलं. साहेब म्हणाले होते, "दोन दिवसांत आणून देतो." ते दोन दिवस काही वर्षं चालले.

त्या वर्षांत मी चांगलाच नावारूपाला आलो. खोटं सांगत नाही. तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी माझ्या पाठीवर थोपटून "बांधणी उत्तम" म्हटलं. तर्कशास्त्राचे एक प्राध्यापक होते, त्यांना बगलेत जाड पुस्तक असल्याशिवाय रस्त्याने चालता येत नसे. ते मला उचलून घेऊन गेले, महिनाभर गावभर मिरवलं आणि परत देताना नानांना म्हणाले, "विषय कोरडा आहे, पण मांडणी भक्कम." नानांनी मान डोलावली. मलाही ते पटलं. चारचौघांनी पुस्तक म्हटलं की लाकडाच्याही डोक्यात वारं शिरतं.

मग जरीना आली.

जरीना अय्युब मिस्त्रींची मुलगी. हुशार म्हणून तिची फी माफ होती, पण एका विषयात गचकली तरी माफी बंद आणि माफीबरोबर कॉलेजही बंद. वनस्पतिशास्त्र तिला जड जात होतं आणि वर्गात सांगितलं होतं की परीक्षेचं सगळं त्या जाड ग्रंथात आहे. तिने मला कपाटातून ओढलं, आवरण वर केलं आणि लाकडावरून बोट फिरवलं.

"नाना, हे अब्बांचं काम आहे," ती म्हणाली. "रंधा ओळखला मी. पण हे वाचून मी पास कशी होणार?"

नाना गोरेमोरे झाले. "पोरी, पुस्तक साहेबना घर शे."

"मग मागवा ना."

"माले अजून कायम करेल नही. साहेबना घर जाईसन पुस्तक मांगू? मनी नोकरी जाई."

जरीना भांडली नाही. ती रोज यायची, माझ्यासमोरच्या बाकावर बसायची आणि वहीतली अर्धवट टिपणं पाठ करायची. अडलं की वर बघायची, आणि वर मी. एवढी वर्षं मला कुणी अशा आशेने पाहिलं नव्हतं. मला लाज वाटायला लागली.

नानांनाही ते सोसवेना. शेवटी त्यांनी नियमातूनच वाट काढली. मुदत उलटलेल्या वाचकाला पत्र जातं, आणि त्या पत्रावर सही प्रिन्सिपॉलांची लागते. नानांनी पत्र लिहिलं. नाव घालायचा धीर झाला नाही, म्हणून वर नुसतं 'सन्माननीय वाचक' लिहिलं. साहेबांनी सकाळच्या ढिगात सही ठोकली. नानांच्या सांगण्यावरून शिपाई पितांबर पत्र घेऊन दाराबाहेर गेला, वळला आणि त्याने तेच पत्र साहेबांच्या हातात ठेवलं.

साहेबांनी ते वाचलं आणि भडकले. "कोण आहे हा बेजबाबदार माणूस? इतकी वर्षं पुस्तक दाबून ठेवतो?" पितांबर छताकडे बघत उभा राहिला. साहेबांनी लाल शाईने शेरा मारला: 'ग्रंथपालांनी स्वतः घरी जाऊन पुस्तक ताब्यात घ्यावे. कोणाचीही भीड ठेवू नये.'

तो शेरा नानांनी जरीनाला दाखवला, घडी घालून खिशात ठेवला आणि कपाळाचा घाम पुसला. परीक्षा तोंडावर आली तरी घडी खिशातच. मग एके दिवशी जरीनाने मला कपाटातून काढून काखेत मारलं आणि म्हणाली, "चला नाना. साहेबांचा हुकूम आहे."

साहेब घरी नव्हते. त्यांच्या पत्नी इंदिराबाई स्वयंपाकघरात होत्या. पुस्तकाचं नाव काढताच त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेला, त्यावर लाकडी पाटली आणि पाटलीवर तो ग्रंथ.

"आहे तिथेच राहू द्या," इंदिराबाई म्हणाल्या. "वजन काढलं की मुंग्या शिरतात. दगड ठेवून पाहिला, तर काठ टवकला. हे कसं अलगद बसतं. गेल्या तीन सालांचं लोणचं याच्यावर निघालंय."

नानांनी खिशाकडे हात नेला, पण शेरा काही बाहेर काढला नाही. जरीना पुढे झाली. "काकू, हा ठोकळा बघा. माझ्या अब्बांनी केलाय. सागाचा आहे, काठाला ओरखडा येणार नाही."

इंदिराबाईंनी मला तळहातावर तोललं. खोटं का बोलू, मनातून मी ओरडत होतो. मी नावाजलेला ग्रंथ, आणि मुक्काम लोणच्यावर? पण त्यांनी ग्रंथ उचलला, मला ठेवलं, बरणी हलवून बघितली आणि म्हणाल्या, "हा जास्त बरा आहे."

जरीनाने ग्रंथ उघडायला घेतला. तो उघडेना. त्याची पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. छापून आल्यापासून कुणी कापलीच नव्हती. ज्याच्या नावावर मी एवढी वर्षं मिरवलो, तोही माझ्यासारखा बंदच होता.

तेवढ्यात साहेब दारात आले. नानांनी शेरा पुढे धरला. साहेबांनी तो वाचला, खालची सही ओळखली, मग जरीनाच्या हातातली जोडलेली पानं पाहिली. हे पुस्तक आपण कोळून प्यालो असं ते भाषणात सांगत असत.  ते टोपी काढून जमिनीवर बसले आणि पानं ताणून धरली. इंदिराबाईंनी भाजीची सुरी आणली आणि कापायला लागल्या. नाना कडेचा कागदाचा भुगा टिपत राहिले. जरीना मात्र थांबली नाही. जे पान सुटेल ते तिथेच चुलीपाशी वाचायला लागली.

बरणीवरून मी ते पाहत होतो. लाकूड असल्याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं. माझ्याही आत काहीतरी असायला हवं होतं, त्या मुलीसाठी.

जरीना पास झाली. ग्रंथ तिने मुदतीच्या दिवशीच परत केला. त्याला हिंगाचा वास येतो म्हणून तो वाचताना पोरांना भूक लागते, असं एकदा साहेबांच्या घरी आलेला पितांबर सांगून गेला. नानाही कायम झाले. 'भीड न ठेवणारा माणूस' अशी शिफारस साहेबांनीच केली.

पुढे साहेब जळगावच्या कॉलेजात गेले, बरणीसोबत मीही आलो. आता माझं लाल आवरण तेलाने काळं पडलंय, पाठीवरचं नाव पुसून गेलंय. कुणी मला पुस्तक म्हणत नाही. लोणचं मात्र अजून नासलेलं नाही.

तुमच्या घरी कॉलेजचं एखादं पुस्तक पडून असेल, तर एवढं करा. पानं जोडलेली असतील तर सुरी घ्या. वाचायचं नसेल तर परत नेऊन द्या. तिकडे त्याच्या जागी एक लाकूड उभं आहे, आणि त्या लाकडाकडे बघत कुणीतरी अभ्यासाला बसलं आहे.