काळबाबांची चार घड्याळं

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. काळबाबांनी हात उचलला, डोळे मिटले आणि चारही भिंतींवरच्या घड्याळांचे आकडे एकदम मागे गेले. लोक रडत हात जोडू लागले. मनगटावरची घड्याळं आणि मोबाईल दाराशीच काढून घेतले होते. "यंत्रांनी काळ बिथरतो" म्हणे! भिंतीवरची यंत्रं बहुधा बाबांच्या नात्यातली असावीत.

"दुखणं सुरू होण्याआधीच्या दिवसात नेऊन सोडतो," बाबा म्हणाले. "फक्त औषधपाणी बंद. शंका घेतली की काळ अडखळतो."

माझ्या ताईनं शंका घेतली नव्हती. भावोजींचं डायलिसिसच तिनं बंद केलं होतं. पाय सुजलेले, आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ते घरी उशांना टेकून बसून होते. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "आजच आणा. उद्यावर ढकलू नका."

भावोजींना आत्ताच दवाखान्यात नेऊ म्हणून मी शेजारी बसलेल्या ताईच्या हातापाया पडलो. ती म्हणाली, "एखादं घड्याळ बिघडेल रे. चार-चार घड्याळं खोटं बोलतील?"

तिथेच माझी ट्यूब पेटली. सभागृहाचं नेटवर्क सांभाळायचं काम नुकतंच माझ्याकडे आलं होतं. ही चारही घड्याळं एकाच राउटरला वेळ विचारतात. साक्षीदार चार, पण ऐकलेलं एकाच तोंडून! आणि राउटर इतका भोळा, की नेटवर्कवर जो वेळ सांगेल त्याचं ऐकायचा. मंचामागे डोकावलो. शिष्याच्या पिशवीतून एक वायर भिंतीतल्या नेटवर्कच्या जोडणीत गेली होती.

तेव्हाच पिशवी ओढली असती, तर ताईनं पुन्हा माझं तोंड पाहिलं नसतं. चमत्कार फसताना तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवा होता. मी सभागृहाच्या ऑफिसात शिरलो. आमच्या मुख्य कार्यालयातल्या, खरी वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरची गुप्त किल्ली, म्हणजे परवलीची अक्षरं, राउटरमध्ये भरली आणि हुकूम दिला, या किल्लीचा शिक्का नसेल तर कुणाचीही वेळ मानायची नाही. घाईत एक अक्षर चुकलं आणि राउटरनं खऱ्या वेळेलाही हाकलून दिलं. देवावर विश्वास नसलेला मी, तेव्हा कुणाचा तरी धावा करत होतो. पुन्हा किल्ली भरली. घड्याळं ताळ्यावर आली, तसा मी सभागृहात परतलो.

बाबांनी पुन्हा हात उचलला. आकडे आपले नेहमीसारखे पुढेच सरकले. दोन्ही हात उचलले. तरी पुढेच. शिष्य पिशवीत डोकं घालून बटणं दाबत होता.

"इथे कुणीतरी नास्तिक बसलाय!" बाबा कडाडले.

"आहे ना, राउटर!" मी ओरडलो. "ओळख पटल्याशिवाय तो आता कुणाचंच ऐकत नाही."

शिष्याच्या पिशवीतली, राउटरला खोटी वेळ सांगणारी डबी बाहेर काढून मी सगळं सांगितलं. कुणीही हसलं नाही. प्रत्येकाच्या घरी कुणीतरी अंथरुणावर होतं.

ताई कशीबशी उभी राहिली. "मग मी त्यांना मारत होते का रे?"

मी तिला घेऊन घरी धावलो. भावोजींना उचलून दवाखान्यात नेलं, डायलिसिसचं मशीन लावलं. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात. बघू." ताई अजून दाराबाहेर उभी आहे. पाणीही घेत नाही.

घड्याळ मागे नेणं पोरखेळ आहे. माणसाला मागे नेता येत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, हे कोण सांगतंय आणि खरं कशावरून? विचारायचा धीर होत नसेल, तर नका विचारू. पण तुमच्या माणसाचं औषध तेवढं बंद करू नका.