शाल, श्रीफळ आणि फोक

आमच्या मुकुटबनात पोराला पहिल्यांदा शाळेत घालायला आलेला बाप एक वाक्य बोलल्याशिवाय परत जात नाही. "हाड आमचं, मास तुमचं, गुरुजी." म्हणजे हवं तितकं मारा, फक्त हाडं शाबूत ठेवा. माझ्या बाबांनी, म्हणजे भीमराज गुरुजींनी, चौतीस वर्षांच्या नोकरीत हा करार बऱ्यापैकी पाळला. एकदाच मोडला, आणि तोही इंद्रजित नावाच्या विद्यार्थ्याच्या डाव्या करंगळीपुरता.

मी त्यांच्या घरचीच. माझ्या बाबतीत हाड कोणाचं आणि मास कोणाचं हा प्रश्नच नव्हता.

बाबांच्या वर्गात दर सोमवारी फोक आणायची पाळी असे. निंबाची ओली, लवचीक काडी, हातभर लांब, पानं ओरबाडलेली. बारीक आणली तर पहिला मान आणणाऱ्याचा. माझी पाळी आली की मी जाडच आणायचे. बारीक फोक कातडी फाडतो, जाड नुसती सुजवतो, एवढं विज्ञान मला दुसरीतच कळलं होतं.

चौथीत असताना सतराच्या पाढ्यात मी अडखळले. बाबांनी मला घरी ओसरीवर उभं केलं आणि पोटऱ्यांवर मोजून नाही, न मोजता मारलं. आई मध्ये पडली. तिलाही दोन बसले. संध्याकाळी माझा परकर पायाला चिकटला होता. आईनं कोमट पाणी सोडत सोडत तो सोडवला आणि मी उशी दातात धरली. मग बाबाच तेल-हळद घेऊन आले. माझे पाय मांडीवर घेऊन म्हणाले, "माह्या बापाले अंगठा लावताना पाह्यलं मी, दीपे. सावकार हसे अन् तो खाली पाहे. तुले कोणापुढं खाली पाहू नाई देणार." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा माणसावर राग कसा धरायचा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही नाही. मी पाढा पाठ केला, पहिली आले, आणि विषय संपला.

आमच्याकडची पोरं अक्षराच्या आधी एक गोष्ट शिकतात, ती म्हणजे कोपर वर करणं. गुरुजी कान खाजवायला हात उचलतात आणि पुढच्या रांगेतली चार कोपरं आपोआप तोंडापुढं येतात. त्यात कुणालाही काही वाटत नाही. माशी आली की बैल कातडी हलवतो, तसंच ते.

यवतमाळला बी.एड. करताना आमच्या कॉलेजातून दोन छात्राध्यापिका डेन्मार्कला सराव पाठांसाठी निवडल्या गेल्या. त्यातली एक मी. आठ आठवडे तिथल्या शाळेत शिकवायचं होतं. बाबांनी ही बातमी मुकुटबनात आणि वणीत घरोघरी सांगितली, आणि ज्यांना डेन्मार्क कुठं आहे ते ठाऊक नव्हतं त्यांना नकाशा दाखवून सांगितली.

तिथं मला पाचवीचं गणित मिळालं, इंग्रजीतून. मार्गदर्शक शिक्षिका कर्स्टन मागच्या बाकावर वही घेऊन बसायची. पोरं मला सरळ "दीपा" म्हणायची. उभी राहायची नाहीत, पाय बाकावर घ्यायची, तासाच्या मध्येच सफरचंद खायची. मी चार आठवडे दात ओठ खाऊन हसत होते. रात्री पाठाचं टाचण काढताना स्वतःला बजावायचे, की हे पाहुण्याचं घर आहे, इथं चहा ओतून देतील तसा प्यायचा.

पाचव्या आठवड्यात मंगळवारी मी फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज सोडवत होते. माल्ते नावाचा अकरा वर्षांचा पोरगा अर्धवट उठून म्हणाला, "दीपा, तू चुकलीस. खाली चौदा हवेत."

दोघं-तिघं हसले. मी म्हटलं, "खाली बस."

"पण चूकच आहे," असं म्हणत तो सरळ फळ्यापाशी आला आणि माझ्या हातातल्या खडूसाठी त्यानं हात पुढं केला.

मी ठरवून मारलं नाही, असं म्हणायची सोय आहे, पण ते खोटं होईल. मारायचं आहे हे मला हात उठायच्या आधी कळलं होतं, आणि बरंही वाटलं होतं. चपराकीचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. माझ्या घड्याळाचा पट्टा लागून त्याचा खालचा ओठ फाटला आणि पिवळ्या स्वेटरवर रक्त टपटपायला लागलं. एका पोरीनं किंचाळून तोंडावर हात घेतला.

पण मला झोपेत दिसतं ते रक्त नाही. त्या पोरानं कोपर वर केलं नव्हतं. हात येताना त्यानं पाहिला होता, तरी तो चेहरा उघडा टाकून उभा होता. मोठ्या माणसाचा हात आपल्यावर पडू शकतो, हे त्याला माहीतच नव्हतं. म्हणून घाव पुरा बसला.

तो रडलाही नाही लगेच. रक्त गिळून त्यानं विचारलं, "का?"

उर्मटपणा नव्हता त्यात. खाली चौदा का, हे जसं विचारावं, तसं त्यानं ते विचारलं. आणि मला इंग्रजीत, मराठीत, वऱ्हाडीत, कशातच उत्तर सापडलं नाही. खाली खरंच चौदाच हवे होते.

दुपारी मला एका खोलीत बसवलं. मुख्याध्यापक होते, माल्तेची आई होती, कर्स्टन होती. कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. कर्स्टननं विचारलं, "तुला कधी कुणी मारलंय का?" मी जवळजवळ अभिमानानं म्हणाले, "अर्थात. म्हणून तर इथपर्यंत आले." ती रडायला लागली. मला तिचा इतका संताप आला, की टेबलावरचा पेला तिच्या अंगावर फेकावासा वाटला. माझ्या बापानं दिलेल्या मारासाठी रडणारी ही कोण? तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विमानात बसवलं.

घरी सांगितलं की थंडी सोसली नाही. बाबांनी गावात सांगितलं की पोरीनं आठ आठवड्यांचं काम पाचातच उरकलं. कॉलेजात खरं काय ते पत्रानं कळलं होतं, पण कॉलेजालाही अब्रू असते. त्यांनी पत्र फायलीत घातलं आणि म्हणाले, उरलेले पाठ गावच्या शाळेत घे. सोमवारपासून मुकुटबनची पाचवी माझ्याकडे येणार होती.

त्याआधीच्या शनिवारी शाळेचं स्नेहसंमेलन होतं, आणि त्यातच निवृत्त झालेल्या बाबांचा आणि माझा सत्कार. दुपारी बाराला मंडप भरला. फ्लेक्सवर माझा बर्फातला फोटो होता आणि शेजारी बाबांचा, दुप्पट मोठा. पुढं सतरंजीवर पोरं, मागं बायका, त्यांत माझी आई नवी साडी नेसून.

इंद्रजित भाषणाला उठला. त्याचं आता कृषी केंद्र आहे. त्यानं डावा हात वर करून वाकडी करंगळी सगळ्यांना दाखवली. "हे बोट गुरुजीनं मोडलं," तो म्हणाला, "अन् मी घडलो. नाईतर आज ढोरं चारून राह्यलो असतो." मंडप हसला, टाळ्या पडल्या. बाबा हात जोडून लाजले. इंद्रजितचे डोळे खरंच भरून आले होते. तेही खोटं नव्हतं, हेच तर वाईट होतं.

मग शाळा समितीचे अध्यक्ष सदाशिवराव ताट घेऊन आले. ताटात शाल, श्रीफळ आणि एक निंबाचा फोक होता. लाल जरीची फीत गुंडाळलेला, ताजा, बारीक. माइकवर ते म्हणाले, "गुरुजीचा फोक आता लेकीच्या हातात. सोमवारपासून पाचवी दीपा मॅडम सांभाळतीन. गुरुजी, तुमच्या हातानं द्या."

बाबांनी फोक उचलला आणि जुन्या सवयीनं एकदा हवेत फिरवला. तो सूं करून वाजला. सतरंजीवरच्या पुढच्या रांगेची कोपरं एका दमात वर गेली. मंडप पुन्हा हसला. हसताना लोक माझ्याकडे का बघताहेत, हे मला क्षणभरानं कळलं. व्यासपीठावर, गळ्यात हार असताना, माझंही कोपर वर होतं.

मी ते खाली घेतलं. बाबांनी फोक पुढं केला. "घे, दीपे."

तो हातात घेतला असता, तर सोमवारी मी तो वापरला असता. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मी माइक घेतला.

"मी काम पूर्ण करून नाई आली," मी म्हणाले. "मले तिथून हाकललं. अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडात मारली मी. ओठ फाटला त्याचा. गणित त्याचं बरोबर होतं, चुकलं माह्यं. हा फोक माह्या हातात देऊ नका. मले लय चांगलं मारता येते. बाबांकडूनच शिकली मी."

बाबा हळू आवाजात म्हणाले, "बस झालं. खाली बस."

"इंद्रजितभाऊ बोटानं नाई घडला, बाबा. बोट मोडलं तरी घडला."

पहिला फटका दंडावर बसला. दुसरा मानेवर, हारातून, आणि शेवंतीची फुलं सांडली. बाबांचा चेहरा मी ओसरीवर शेवटचा पाहिला होता तसाच झाला होता. मागं आई उभी राहिली. बाकी कुणी जागचं हललं नाही. गुरुजी मारतात तेव्हा मध्ये पडायचं नसतं, हे मंडपातल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं होतं. सदाशिवराव ताट धरून तसेच उभे होते.

तिसरा येताना मला दिसला. माझं कोपर आपोआप वर निघालं होतं. मी दोन्ही हात पाठीमागे नेले, साडीचा पदर मुठीत आवळला, आणि चेहरा पुढं ठेवला. चोवीस वर्षांत एवढं कष्टाचं काम मी केलं नव्हतं. फोक गालावरून ओठावर आला. तोंडात रक्ताची खारट चव उतरली.

"काहून, बाबा?" माल्तेचाच "का?" मी विचारला.

मला भांडायचं नव्हतं. मला खरंच हवं होतं उत्तर. त्या पोराला मी देऊ शकले नव्हते, बाबांकडे असेल तर त्याला पत्रानं कळवलं असतं.

बाबांचा हात चौथ्यासाठी वर गेलेला होता. त्यांनी तोंड उघडलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, पोरगी शिकावी म्हणून. पण मी शिकून, परदेशी जाऊन, परत येऊन त्यांच्यापुढं उभी होते. ते उत्तर त्यांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

फोकाची फीत सुटून माझ्या खांद्यावर पडली होती. बाबांनी माझ्यावरची नजर काढली आणि खाली सतरंजीकडे नेली. तिथं पहिल्या रांगेत सदाशिवरावांची नात अपेक्षा बसली होती, सहा वर्षांची, यंदाच पहिलीत घातलेली. तिचं कोपर अजून वरच होतं. तिच्या शेजारच्याचंही, त्याच्या शेजारच्याचंही, पार रांगेच्या टोकापर्यंत.

चौतीस वर्षांत बाबांनी ती कोपरं पहिल्यांदाच पाहिली असावीत. वर गेलेला हात खाली कसा आणायचा, हे त्यांना सुचत नव्हतं.